आरोपीच्या पिंजऱ्यात न्यायाधीश

(बोईसर येथे ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हा चित्रपट दाखविल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट, त्यात ना गाणे, ना लढाई. एक न्यायालय आणि त्यात बोलणारी माणसे, एवढेच. तरीही मध्यंतरानंतर एकही खुर्ची रिकामी झाली नाही. पालघरहून आलेल्या काही मंडळींची शेवटची सोयीची गाडी चुकली असणार, पण तेही बसून राहिले. त्याबद्दल आयोजकांपेक्षा मला अधिक आनंद वाटतो, कारण हा चित्रपट पाहावा असा हट्ट माझा होता.

मी कायद्याचा पदवीधर नाही. कला शाखेचा विद्यार्थी आणि नंतर आयुष्यभर वर्तमानपत्रात नोकरी. न्यायालयाच्या पायऱ्या चढलो ते बातमीदार म्हणून. त्यामुळे आज मी कायद्याचे बारकावे सांगणार नाही. एका प्रश्नाचा मागोवा घेणार आहे. ज्याने न्याय द्यायचा तोच अन्यायाचा भागीदार झाला, तर त्याचा न्याय कोणी आणि कशाच्या आधारे करायचा? आणि तो प्रश्न जर्मनीचा असला तरी आपल्या दारापर्यंत कसा येऊन पोहोचला?

चित्रपटामागचा खरा खटला

१९६१ साली स्टॅन्ली क्रेमर यांनी हा चित्रपट निर्माण आणि दिग्दर्शित केला. ॲबी मान यांनी तो लिहिला. त्यांना पटकथेचे ऑस्कर मिळाले आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका करणाऱ्या मॅक्सिमिलियन शेल यांना अभिनयाचे. स्पेन्सर ट्रेसी यांनी रंगविलेला अमेरिकेतील वयस्क न्यायाधीश हेवुड आणि बर्ट लँकेस्टर यांनी रंगविलेला विद्वान आरोपी यानिंग ही पात्रे काल्पनिक आहेत. पण खटला खरा आहे.

महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे प्रमुख नाझी नेत्यांवर चाललेला खटला सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतर अमेरिकनांनी त्याच न्यायप्रासादात आणखी बारा खटले चालविले. त्यांतील तिसरा खटला न्यायखात्याचा. मार्च १९४७ मध्ये त्याची सुनावणी सुरू झाली आणि डिसेंबर १९४७ मध्ये निकाल लागला. आरोपींच्या यादीत सोळा नावे होती. न्यायाधीश, सरकारी वकील, न्यायमंत्रालयातील अधिकारी. त्यांपैकी दहा दोषी ठरले, चौघे निर्दोष सुटले, एकाने खटल्यापूर्वीच आत्महत्या केली आणि एकाची प्रकृती ढासळल्याने त्याच्यापुरता खटला सोडून द्यावा लागला. चौघांना जन्मठेप झाली.

या माणसांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांनी छळछावण्या चालविल्या नव्हत्या. त्यांनी फक्त कागदांवर सह्या केल्या होत्या. न्यायाधिकरणाने आपल्या निकालपत्रात नेमके हेच हेरले. मारेकऱ्याचा खंजीर न्यायाधीशाच्या झग्याखाली लपलेला होता, अशा आशयाचे त्यातील वाक्य जगभर गाजले.

कायदा न मोडता केलेला खून

चित्रपटात फेल्डेन्स्टाइन नावाच्या वृद्ध ज्यू माणसाची हकीकत येते. ती रचलेली नाही. लिओ कॅट्झेनबर्गर हे न्यूरेंबर्गमधील पादत्राणांचे व्यापारी, तेथील ज्यू समाजाचे प्रमुख. वय अडुसष्ट. त्यांच्या इमारतीत राहणाऱ्या आयरीन सायलर या तरुण जर्मन स्त्रीशी त्यांचे अनैतिक संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला. दोघांनीही तो नाकारला. पुरावा नव्हता.

आता पुढचे नीट ऐका. १९३५ च्या वंशशुद्धीच्या कायद्यात अशा ‘गुन्ह्या’ला तुरुंगवास होता, देहदंड नव्हता. न्यायाधीश ओस्वाल्ड रोथाउग यांना देहदंड द्यायचा होता. त्यांनी कायदा फेकून दिला नाही. त्यांनी दुसरा कायदा शोधला. युद्धकाळातील परिस्थितीचा आणि रात्रीच्या सक्तीच्या अंधाराचा गैरफायदा घेणाऱ्यांसाठी एक हुकूम होता, त्यात मृत्युदंड होता. दोन कायदे एकमेकांना जोडले की झाले! मार्च १९४२ मध्ये निकाल लागला आणि जूनमध्ये कॅट्झेनबर्गर यांचा शिरच्छेद झाला. खोटी साक्ष दिली म्हणून त्या स्त्रीला तुरुंगात पाठविण्यात आले. सारे कसे नियमाप्रमाणे. आरोपपत्र होते, वकील होता, साक्षीदार होते, निकालपत्र होते. फक्त न्याय नव्हता.

यानिंग या पात्राला ज्याच्याशी जोडले जाते तो फ्रान्झ श्लेगेलबर्गर याहून वेगळा माणूस. मोठा कायदेपंडित, ग्रंथकार, काही काळ न्यायमंत्रालयाचा प्रमुख. रोथाउगसारखा द्वेषाने पेटलेला नव्हे. पण १९४१ साली लुफ्टगास नावाच्या एका वृद्ध ज्यू माणसाला अंडी साठविल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा झाली. ती हिटलरला कमी वाटली. त्याने इच्छा कळविली मात्र, श्लेगेलबर्गर यांनी त्या माणसाला देहदंडासाठी गेस्टापोच्या स्वाधीन केल्याचे उत्तर धाडले. कशासाठी? तर अंड्यांसाठी.

त्यांचा बचाव आपल्याला ओळखीचा वाटेल. ‘मी राजीनामा दिला असता तर माझ्या जागी अधिक वाईट माणूस आला असता.’ हे खोटेही नव्हते. १९४२ साली ते गेले आणि अधिक क्रूर माणूस आला. पण जाईपर्यंत पोलिश आणि ज्यू लोकांसाठी वेगळा, भीषण फौजदारी कायदा करणाऱ्या हुकमाच्या घडणीत त्यांचा हात होता, आणि निरोपाच्या वेळी हिटलरकडून एक लाख मार्कांची देणगीही त्यांनी स्वीकारली होती. न्यायाधिकरणाने त्यांच्या जीवनाकडे शोकांतिका म्हणून पाहिले, पण जन्मठेप दिली. वाईटाला रोखण्यासाठी खुर्चीवर बसलेला माणूस खुर्चीवर टिकण्यासाठी वाईटाला रोज थोडेथोडे देत जातो आणि एके दिवशी त्याच्याकडे द्यायचे काही उरत नाही. ‘मी राहिलो म्हणून बरे झाले’ हे वाक्य मी माझ्या व्यवसायातही पुष्कळ ऐकले आहे. खरे सांगायचे तर स्वतः उच्चारलेही आहे.

चित्रपटाच्या अखेरीस यानिंग तुरुंगाच्या कोठडीत हेवुडला सांगतो की, गोष्टी त्या लक्षावधी मृत्यूंपर्यंत जातील हे आपल्याला ठाऊक नव्हते. त्यावर हेवुड जे उत्तर देतो, त्यासाठी हा सारा चित्रपट आहे. निरपराध आहे हे ठाऊक असलेल्या पहिल्या माणसाला तू देहदंड दिलास, त्याच क्षणी ते तेथवर गेलेले होते, असे तो सांगतो. शेवटच्या पायरीवर नव्हे, पहिल्या.

ज्याने नाही म्हटले

कोणी म्हणेल, हुकूमशाहीत दुसरे काय करणार? नकार म्हणजे मृत्यूच. हा समज खोडून काढणारा एक न्यायाधीश त्याच जर्मनीत होता. त्याचे नाव चित्रपटात नाही, म्हणून येथे सांगतो. लोथार क्रायसिग. ब्रांडेनबुर्ग येथे निराधार व मनोरुग्णांच्या पालकत्वाची प्रकरणे तो पाहत असे. आपल्या देखरेखीखालील रुग्ण संस्थांतून नेले जातात आणि पाठोपाठ त्यांच्या मृत्यूची पत्रे येतात, हे १९४० साली त्याच्या ध्यानात आले. त्याने न्यायमंत्र्याला पत्र लिहिले, संस्थांना रुग्ण हलविण्यास मनाई केली आणि या योजनेच्या प्रमुखाविरुद्ध खुनाची फिर्याद दिली. फ्यूररची इच्छा हाच कायदा, असे त्याला समजावण्यात आले. अशी इच्छा कायदा ठरू शकत नाही, अशीच त्याची भूमिका राहिली. त्याला गोळी घातली गेली नाही. निवृत्त करण्यात आले. तो शेतीवर गेला आणि १९८६ पर्यंत जगला.

हजारो न्यायाधीशांतून असा एक. पण त्या एकाने उरलेल्यांची सबब खोटी पाडली.

आपण मराठी माणसे हे ऐकताना स्वाभाविकच रामशास्त्री प्रभुण्यांकडे वळतो. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवेपद राघोबादादांकडे गेले. शास्त्रीबुवांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ही कथा शाळेत प्रत्येकाने ऐकली आहे. पण आपल्याला तिचा पूर्वार्धच आठवतो, त्या बाणेदार उद्गारांचा. उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. शास्त्रीबुवांनी पुणे सोडले. पद गेले, मान गेला, वेतन गेले. बाणेदारपणाचे मोल त्यांनी स्वतःच्या संसारातून चुकते केले. मोल न देता केलेला बाणेदारपणा हे नुसते वक्तृत्व असते.

उलट उदाहरणही आपल्याच मुंबईचे आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दावर उभे राहिले होते. १९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. ज्युरीतील सात जणांनी लोकमान्यांना दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्तींनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. सरकारच्या कायद्यानुसार सारे बिनचूक होते. १९५६ साली, लोकमान्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्याच दालनाबाहेर लोकमान्यांच्या त्या उद्गारांचा फलक बसविला आणि न्यायालयाच्या वतीने जणू पापक्षालन केले. न्यायालयाने आपल्याच जुन्या निकालाविरुद्ध भिंतीवर कोरलेली ही साक्ष आहे. मुंबईला गेलात तर जरूर पाहा.

आमच्या आळीतले सर

आता आपल्या गावाकडे येऊ. पालघरच्या हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा मोर्चा कचेरीवर गेला, गोळीबार झाला आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकूर गोविंद मोरे हे पाच जण देशासाठी गेले. त्यानंतर अवघ्या तेहतीस वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, स्वतंत्र भारताच्या सरकारने आणीबाणी पुकारली. ज्या स्वातंत्र्यासाठी या पाच जणांनी रक्त सांडले, ते एका सहीनिशी स्थगित झाले.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आमच्या आळीत एक शिक्षक राहत. नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवीत. संघाचे काम करीत एवढाच त्यांचा अपराध. एका पहाटे पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. पुढे ते नाशिकच्या तुरुंगात असल्याचे कळले. जव्हारमार्गे एसटीने काकू त्यांना भेटायला जात. एकदा परत आल्यावर त्या ओसरीवर बसून राहिल्या आणि आईने दिलेला चहा तसाच गार झाला, हे मला आजही दिसते. सरांचा पगार थांबला होता. अटकेचे कारण कोणी सांगत नव्हते. मिसाखाली ते सांगावे लागत नव्हते.

एका वकिलांनी विनामूल्य अर्ज तयार केला. हेबियस कॉर्पसचा. बंदिवानाला न्यायालयापुढे सदेह उभे करा आणि त्याला कोणत्या अधिकाराने डांबले ते सांगा, एवढीच त्यातील मागणी. कुठलाही न्यायाधीश कुठल्याही राजाला विचारू शकतो असा हा सर्वांत जुना प्रश्न. आशा होती, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला होता. भयाच्या त्या काळात या न्यायाधीशांनी दाखविलेले धैर्य आपण जवळजवळ विसरलो आहोत. त्यांच्यापैकी काहींच्या बदल्याही झाल्या.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे ‘एडीएम जबलपूर’ या नावाने हा खटला चालला. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत सासवडचे सुपुत्र, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हेही होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, जगण्याच्या हक्कासाठीच न्यायालयात येता येत नसेल, तर एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी काही उपाय नाही काय? डे यांनी उत्तर दिले की, आपल्या युक्तिवादानुसार आणीबाणी असेपर्यंत नाही. न्यायालयात शांतता पसरली. त्या शांततेत चौघे न्यायमूर्ती गप्प राहिले.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर कोणाही स्थानबद्धाला उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती यांचे हे बहुमत. न्यायमूर्ती बेग यांनी तर सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, अशा आशयाचे लिहिले. त्या दिवशी नाशिकच्या तुरुंगात आमच्या सरांना ती माया कितपत जाणवली, ते मला ठाऊक नाही. वकिलांनी काकूंना कागद परत दिले. ‘वहिनी, आता दार बंद झाले,’ एवढेच ते म्हणाले.

तुलना कोठवर?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी नाझी जर्मनी आणि आणीबाणीतील भारत यांना एका तागडीत तोलत नाही. तसे करणे साठ लाख ज्यूंच्या स्मृतीशी प्रतारणा होईल आणि आपल्या न्यायमूर्तींवर अन्यायही होईल. त्या चौघांनी कोणाला फासावर चढविले नाही. ते द्वेष्टे नव्हते. न्यायमूर्ती चंद्रचूड पुण्याचे, महाराष्ट्राच्या उत्तम न्यायपरंपरेत वाढलेले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि सचोटीविषयी कोणालाही शंका नव्हती.

पण म्हणूनच हा निकाल आपल्याला अधिक अस्वस्थ करतो. वाईट माणसाने वाईट निकाल दिला तर त्यातून शिकण्यासारखे फारसे नसते. सज्जन, विद्वान माणसाने ‘सरकार अधिकाराचा गैरवापर करणार नाही’ अशा आशेवर नागरिकाचा देह सोपवून द्यावा, यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. न्यायालय आशेवर चालत नाही. आशेचा भंग झाला तर काय, यासाठीच तर ते असते.

आपल्यापैकी अनेक जण तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी करतात, काही जण तेथून निवृत्त झाले आहेत. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले समजेल. १९६९ पासून चालणाऱ्या त्या केंद्रात संकटाच्या क्षणी अणुभट्टी बंद करणारी यंत्रणा असते. सर्व सुरळीत असताना ती शांत असते. तिची परीक्षा एकाच दिवशी, संकटाच्या दिवशी. ‘परिस्थिती आणीबाणीची आहे, म्हणून आज सुरक्षायंत्रणा बंद ठेवू,’ असे कोणी अभियंता म्हणाला तर त्याला आपण काय म्हणू? त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच केले.

एकट्याची सही

न्यायमूर्ती खन्ना यांनी वेगळा निकाल लिहिला. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क ही राज्यघटनेने दिलेली देणगी नाही, तो घटनेच्या आधीही होता, म्हणून घटनेतील एक कलम स्थगित केल्याने तो नष्ट होत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार. निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते की, आपण जो निकाल तयार केला आहे तो आपल्याला देशाच्या सरन्यायाधीशपदाला मुकविणार आहे. आत्मचरित्रात त्यांनीच ही आठवण नोंदविली आहे. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला आणि ते घरी गेले.

रामशास्त्र्यांच्या कथेचा हा विसाव्या शतकातील उत्तरार्ध. आज सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या दालनात त्यांचे तैलचित्र आहे, आणि ते त्यांच्या हयातीतच लावले गेले. कितीतरी सरन्यायाधीश होऊन गेले, त्यांची नावे आपल्याला सांगता येणार नाहीत. जो सरन्यायाधीश होऊ शकला नाही, त्याचे नाव आपण आज बोईसरमध्ये घेत आहोत.

काळाने न्याय केला, पण सावकाश. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जगण्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट कायमची खुली केली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्याच वर्षी आपल्याला राजीनामा देण्याचे धैर्य झाले नाही, याची जाहीर खंत व्यक्त केली. न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये त्या निकालाबद्दल देशाची क्षमा मागितली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना एडीएम जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. ते मुख्य निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. यशवंतरावांच्या पुत्राने. पुत्राने पित्याचा निकाल पुसला आणि लिहिताना खन्नांचा मान राखला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सरन्यायाधीशपदावरून धनंजय चंद्रचूड निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले न्यायमूर्ती संजीव खन्ना, हंसराज खन्नांचे पुतणे. काकांना नाकारलेली खुर्ची सत्तेचाळीस वर्षांनी पुतण्याला मिळाली. कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

पण एवढ्याने समाधान मानू नका. १९७६ साली जो माणूस कोठडीत होता, त्याला २०१७ चा निकाल काय कामाचा?

परीक्षा आपलीही आहे

चित्रपटात एक सूत्र आहे, ते कदाचित आपल्या नजरेतून सुटले असेल. खटला चालू असताना रशियाशी तणाव वाढतो आणि अमेरिकेला जर्मनांची मदत हवी असते. मग अमेरिकनच अमेरिकन न्यायाधीशाला सुचवू लागतात की, शिक्षा सौम्य द्या, ते राष्ट्रहिताचे आहे. म्हणजे जो युक्तिवाद आरोपी करीत होते, तोच आता विजेत्यांच्या तोंडी येतो. हेवुड तो नाकारतो. राष्ट्र म्हणजे नुसता भूभाग नव्हे, कठीण प्रसंगी ते ज्या मूल्यासाठी उभे राहते ते मूल्य म्हणजे राष्ट्र, असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात सौम्य धोरणाचाच विजय झाला. खरे दोषी काही वर्षांतच सुटले. श्लेगेलबर्गर चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत सुखाने जगले.

आपण राष्ट्राचा विचार करणारी माणसे आहोत. म्हणून हे आपल्यालाच अधिक लागू आहे. राष्ट्रहित हा शब्द आपल्याला प्राणाहून प्रिय आहे. आणीबाणीत तोच शब्द वापरून आपल्या माणसांना तुरुंगात टाकले गेले. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे एकट्या मिसाखाली देशभरात सुमारे ३५ हजार लोक स्थानबद्ध झाले. येरवड्यात तृतीय सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, समाजवादी होते, बंदी घातलेल्या जमाते इस्लामीचे लोकही होते. ज्यांचे एकमेकांशी कधी पटले नव्हते, ते एकाच बराकीच्या अंगणात बसले. हेबियस कॉर्पसचा हक्क त्या सर्वांचा एकदमच गेला होता. तो एकट्याचा जात नाही आणि एकट्याचा परतही येत नाही.

म्हणून मी आपल्याला एक अवघड गोष्ट सांगून थांबतो. आपला माणूस विनाचौकशी आत गेला, तेव्हा कायद्याचे राज्य आठवणे सोपे असते. ज्याचे विचार आपल्याला मुळीच पटत नाहीत, असा माणूस उद्या विनाचौकशी आत गेला, तर त्याला न्यायाधीशापुढे उभे करा, पुरावा दाखवा आणि मग शिक्षा द्या, असे म्हणण्याची आपली तयारी आहे का? सरकार कोणाचेही असो. ती तयारी असेल, तरच पन्नास वर्षांपूर्वी आपल्या घरांनी सोसलेल्या त्या एकवीस महिन्यांना अर्थ आहे. नसेल, तर आपण फक्त आपल्यावरच्या अन्यायाची जयंती साजरी करीत राहू.

आमचे सर १९७७ साली सुटून आले. पुढे मी आठवीत गेलो तेव्हा त्यांच्या वर्गात होतो. मूलभूत हक्कांचा धडा आला. एका मुलाने उठून विचारले, ‘सर, हा धडा खरा आहे का?’ वर्गातील सर्वांना ठाऊक होते की सर कोठे जाऊन आले आहेत. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘धडा खरा आहे. पण तो आपला आपण पुस्तकाबाहेर येत नाही. कोणाला तरी तो बाहेर आणावा लागतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते.’ मग फळ्याकडे वळून त्यांनी एकच नाव लिहिले आणि आम्हाला ते वहीत उतरवून घ्यायला सांगितले. ते नाव त्यांना तुरुंगात डांबणाऱ्यांपैकी कोणाचे नव्हते, त्यांच्या नेत्यांपैकीही कोणाचे नव्हते.

ते नाव होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना.

घरी गेल्यावर मुलांना, नातवंडांना रामशास्त्र्यांची गोष्ट सांगाल, तेव्हा तिच्यासोबत ही गोष्टही सांगा. आणि दोन्ही गोष्टींचा उत्तरार्ध गाळू नका.